दयाळ आणि टोपी माकड

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आढळणाऱ्या दोन प्राण्यांच्या आवाजाची तुलना. दयाळ (कॉप्सिकस सॉलॅरिस) भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो. टोपी माकड (मकाका रेडिएटा) मात्र भारताच्या द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेच नाही.

दयाळ सुमारे 19 सेंमी. लांबीचा असतो. नर काळापांढरा, मादी राखाडी. हिवाळाभर तो झुडपांखाली किडे टिपत मुकाट फिरतो आणि मार्चच्या सुमारास त्याला कंठ फुटतो. मग भल्या पहाटे गच्चीवरच्या टाकीवर बसून, शेपटी उंचावत तो गात राहतो. मुंबईच्या उन्हाळ्यात यापरते सुख नाही.

पक्ष्याचा आवाज निघतो तो श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्या जागी. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालत असल्याने गाणारे पक्षी एकाच वेळी दोन सूर काढू शकतात. गाणे ते थोरांकडून ऐकून शिकतात. 1950 च्या दशकात केंब्रिजमध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम थॉर्प यांनी शॅफिंच पक्ष्याची पिल्ले थोरांपासून दूर वाढवली, तेव्हा त्यांचे गाणे ओबडधोबडच राहिले. दयाळ तर इतर पक्ष्यांचेही सूर उचलतो.

माकडाचा आवाज आपल्यासारखाच स्वरयंत्रातून येतो, पण हाकांचा साचा बहुतांशी उपजत असतो. ऱ्हीसस आणि जपानी माकडांची पिल्ले एकमेकांच्या माद्यांकडे वाढवली, तरी त्यांच्या हाका फारशा बदलल्या नाहीत. पण तेवढ्यावरून माकडाला कमी लेखू नये. बिबट्या दिसताच टोपी माकड इशारा देते आणि कळप झाडावर चढतो. वानरांची धोक्याची हाकही ते ओळखते. बाकीचे बोलणे चेहऱ्याने आणि हातांनी होते: डोळे रोखून, तोंड उघडून धमकी, ओठ चटचट हलवून सलगी, एकमेकांच्या अंगावरचे केस निवडत जपलेली नाती.

कान्हेरीच्या रस्त्यावर हाती लागलेला खाऊ माकड भराभर गालातल्या पिशव्यांत कोंबते. उद्यानात त्यांना खायला घालण्यास मनाई आहे, ती पाळायलाच हवी. माणसाच्या हातातले खायला सवकलेले माकड पुढे हिसकावते, चावते. टोपी माकड आता संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आहे. उत्तरेकडचे ऱ्हीसस माकड त्याच्या मुलखात सरकत आहे, हे त्यामागचे एक कारण.