गॅबन विमान अपघात, १९९३

झांबियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला घेऊन जाणाऱ्या लष्करी विमानाला २७ एप्रिल १९९३ च्या रात्री झालेला अपघात. गॅबनची राजधानी लिब्रेव्हिल येथून उड्डाण केल्यावर काही मिनिटांतच विमान किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात कोसळले. १८ खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी आणि ५ कर्मचारी अशा सर्व ३० जणांचा मृत्यू झाला. १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सेनेगलशी खेळण्यासाठी संघ डकारला निघाला होता.

हा संघ ऐन भरात होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये झांबियाने इटलीला ४–० असे हरवले, तेव्हा कालुशा ब्वाल्याने तीन गोल केले होते. अपघाताच्या दोनच दिवस आधी संघ मॉरिशसमध्ये ३–० ने जिंकला होता. प्रशिक्षक गॉडफ्रे चितालू हा देशाच्या इतिहासातला सर्वांत मोठा गोलवीर. लिओनेल मेस्सीच्या २०१२ मधील, एका वर्षात सर्वाधिक गोल करण्याच्या विक्रमाची चर्चा सुरू झाली, तेव्हा चितालूने १९७२ या एकाच वर्षात १०७ गोल केल्याचा दावा झांबियाच्या फुटबॉल संघटनेने पुढे केला. फिफाने मात्र तो विक्रम म्हणून नोंदवला नाही.

अपघाताचे मूळ पैशाच्या चणचणीत शोधावे लागते. झांबियाची अर्थव्यवस्था तांब्यावर उभी, आणि तांब्याचे भाव गडगडल्यापासून देश कर्जात बुडालेला. संघटनेकडे प्रवासी विमानाच्या तिकिटांसाठी पैसे नसत, म्हणून खेळाडूंना हवाई दलाच्या विमानातून नेले जाई. ‘बफेलो’ हे कॅनडात बनलेले, दोन पंख्यांचे विमान आखूड धावपट्टीवरून सैनिक आणि सामान वाहण्यासाठी होते. लांबचा पल्ला एका दमात गाठणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे डकारच्या वाटेवर ब्राझाव्हिल, लिब्रेव्हिल आणि आबिजान येथे इंधनासाठी थांबायचे ठरले. त्यातून हे विमान कित्येक महिने वापराविना पडून राहिले होते आणि एप्रिलच्या अखेरीस पुन्हा उडू लागले होते. ब्राझाव्हिललाच इंजिनात बिघाड जाणवला, तरी प्रवास चालू ठेवण्यात आला.

कालुशा या विमानात नव्हता. तो नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत असे आणि तिथून परस्पर डकारला पोहोचणार होता. नव्याने उभ्या केलेल्या संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. जुलैत लुसाका येथे या संघाने मोरोक्कोला २–१ ने हरवले. ऑक्टोबरमध्ये कॅसाब्लांकात केवळ बरोबरी पुरली असती, पण १–० अशी हार झाली आणि विश्वचषक हुकला. पुढच्या वर्षी आफ्रिकी चषकाच्या अंतिम सामन्यातही नायजेरियाने त्यांना २–१ ने रोखले. वर्षभरात जुळवलेल्या संघाने इथवर मजल मारणे हीच मोठी गोष्ट होती.

तो चषक अखेर २०१२ मध्ये मिळाला, तोही लिब्रेव्हिलमध्येच. अंतिम सामन्यापूर्वी खेळाडूंनी समुद्रकिनारी जाऊन फुले वाहिली आणि आयव्हरी कोस्टला पेनल्टींवर ८–७ असे हरवले. कालुशा तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता. मृत खेळाडू लुसाकाच्या इंडिपेंडन्स स्टेडियमजवळ दफन केलेले आहेत.

विजेतेपदाची ही हकिकत जगभर सांगितली गेली. चौकशीचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. गॅबनचा अहवाल बाहेर यायला २००३ साल उजाडले. त्यानुसार डाव्या इंजिनाला आग लागली होती, पण वैमानिकाने चुकून उजवे, म्हणजे चालू असलेले इंजिन बंद केले आणि विमानाची उरलीसुरली ताकदच गेली. धोक्याची सूचना देणाऱ्या दिव्यातील दोष आणि मॉरिशसहून परतीच्या उड्डाणाचा वैमानिकाला आलेला थकवा, ही दोन कारणे अहवालात पुढे आली. पण मुळात अशा विमानाला संघ नेण्याची परवानगी कुणी आणि कशी दिली, हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांनी झांबिया सरकारपुढे वर्षानुवर्षे लावून धरला.