उन्हाळ्यात गरम चहा थंडावा देतो का?

मे महिन्यातली दुपार. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर पाय ठेववत नाही इतकं ऊन, तरी कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा उकळतोय आणि भोवती गिऱ्हाईकही आहे. अशा वेळी माझे आजोबा म्हणायचे, "गरम चहा घे, अंगातली उष्णता जाते." ही घरगुती समजूत नव्हती. ती जाहिरातीतून घरात आली होती.

१९०३ साली इंग्रज सरकारनं निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला, तो चहाच्या प्रचारासाठीच. पुढे रेल्वे स्टेशनांवर एनॅमलच्या पाट्या लागल्या. चहा कसा करायचा ते त्यांवर चित्रांतून दाखवलेलं असे, आणि काहींवर ठळक दावा असे की उन्हाळ्यात गरम चहा थंडावा देतो. कोल्हापुरात मात्र चहाचं नाव एका वेगळ्याच गोष्टीशी जोडलं गेलं. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक धजत नव्हते. राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा पीत. त्या एका कपानं जे केलं ते कुठल्याच पाटीला जमलं नसतं.

आता दाव्याकडे वळू. २०१२ साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ जणांना कोरड्या हवेत ७५ मिनिटं सायकल मारायला लावली आणि मधूनमधून पाणी पाजलं. कधी दीड अंशाचं गारेगार, कधी १० अंशांचं, कधी ३७ आणि कधी ५० अंशांचं. गरम पाणी प्यायल्यावर शरीरात साठलेली उष्णता गार पाण्यापेक्षा कमी भरली, कारण गरम पाण्यानं घाम जास्त सुटला.

हिशेब मांडून बघा. साठ अंशांचा शंभर मिलिलिटर चहा पोटात जाऊन ३७ अंशांवर येईपर्यंत शरीराला सुमारे २३०० कॅलरी उष्णता देतो. (या भौतिकशास्त्रातल्या कॅलरी, आहाराच्या हिशेबात जेमतेम सव्वादोन.) एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेवरून सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. म्हणजे चार ग्रॅम जादा घाम, एक छोटा चमचाही नाही, वाळला की चहानं आणलेली उष्णता फिटली. त्याच्या पुढचा प्रत्येक थेंब निव्वळ फायद्याचा. गार पाण्याचं उलटं होतं: ते थोडी उष्णता शोषतं, पण घामही आवरतं.

हा जादा घाम सोडायचा हुकूम कुठून येतो, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. २०१४ च्या प्रयोगात पाण्यानं नुसती चूळ भरली तेव्हा घामात फरक पडला नाही. तेच पाणी नळीतून थेट पोटात सोडलं तेव्हा पडला. तापमान ओळखणारी ही यंत्रणा पोटात आहे, जिभेवर नाही.

पण पाटीवर एक अट लिहायची राहून गेली. घाम वाळला पाहिजे. निथळून सदऱ्यात मुरलेला घाम तेवढी उष्णता नेत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, वाऱ्याच्या झुळकीत आजोबांचं बरोबर होतं. जुलैत, चार दिवस कपडे वाळत नाहीत तेव्हा, घामही वाळत नाही. शिवाय हा थंडावा अंगातलं पाणी खर्चून मिळतो, त्यामुळे चहासोबत पाणीही प्यायला हवंच.

त्याच काळातला दुसरा थंडावा डबीतून आला. १८९३ साली मुंबईत काशिनाथुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन काढलं. गाण्याच्या मैफलींत ते फुकट वाटलं जाई. बामातला मेंथॉल कपाळाला लागला की गार वाटतं, पण त्या वाटण्यासाठी त्वचेचं तापमान उतरावं लागत नाही. आपल्या नसांच्या टोकांवर गारवा ओळखणारं एक प्रथिन आहे, टीआरपीएम८. मेंथॉल त्यालाच जागं करतो आणि मेंदूला गारव्याची खबर पोचते.

तांबड्या रश्श्याचं काम याच्या बरोबर उलट. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ हे प्रथिन जागं करतं. एरवी ते सुमारे ४३ अंशांच्या पुढं, भाजायला लागल्यावर जागं होतं. ते शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. रस्सा कोमट असला तरी मेंदूला वाटतं की तोंड भाजलं, आणि कपाळावर घाम फुटतो. भाजणं नुसतं भासलेलं असतं, घाम मात्र खरा असतो. पंख्याखाली बसलात तर तो वाळताना कपाळ खरोखरच गार पडतं.