पालापाचोळ्याखालचे रान

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या आता कितीतरी पिढ्या झाल्या. देवीच्या रोगाची लस तयार करणाऱ्या संस्थेची ही जागा. ती लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवली जात असे, आणि जनावरे बाळगणाऱ्या संस्थेला ऐसपैस आवार लागे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. आवार मात्र राहिले, आणि शहर चहूबाजूंनी वाढत गेले तरी तिथली झाडी उभी राहिली. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बहुतेक प्रत्येक वस्तीजवळ असे एखादे रान असते. कुठे छावणीतली झाडी, कुठे तळ्याकाठचा माळ, कुठे देवळामागची राई. लोकांचा त्यावर मनापासून जीव असतो, आणि बहुतेक वेळा त्या जिवापाडच्या मायेतूनच रानाचे रानपण हरवते.

माझ्या रोजच्या वाटेवरही असाच एक तुकडा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथले मोठे झाड क्वचितच तोडले गेले. जांभूळ, आंबा, किंजळ, वड सगळे जागच्या जागी आहेत. मात्र त्यांच्या खालच्या करवंदीच्या जाळ्या निघाल्या, पायवाटेवर फरशी आली, दर काही पावलांवर दिव्याचा खांब आला आणि रोज सकाळी झाडलोट सुरू झाली. “आता कसं स्वच्छ वाटतंय बघा,” असे माझ्याबरोबर फिरणारे एक निवृत्त काका म्हणाले, आणि त्यांचा आनंद अगदी खरा होता. झाडांची गणती केली तर आकडा जवळपास पूर्वीचाच येईल. पण भारद्वाजाचा घुमणारा हुंकार ऐकू येत नाही, सातभाईंचा कलकलणारा थवा दिसत नाही, आणि मृगाच्या आधीच्या रात्री काजवे चमकत नाहीत. कावळे आणि साळुंक्या मात्र वाढल्या आहेत.

झाडे तीच असताना हे कसे घडते, याचे उत्तर जमिनीजवळ शोधावे लागते. जंगल हे मजल्यांनी बनलेले असते. वर मोठ्या झाडांचे छत, त्याखाली लहान झाडे, मग झुडपे आणि वेली, मग गवत व रोपे, आणि सर्वांत खाली पाचोळा. प्रत्येक मजल्यावर राहणारे वेगळे असतात. भारद्वाज झुडपांच्या गचपणातून, जमिनीलगत फिरणारा पक्षी आहे. सातभाई पाला उलथून किडे शोधतात. मधले मजले काढून टाकले की उरते ते खांबांवर उभे असलेले छत. त्याची सावली माणसाला पुरते, या पाखरांना पुरत नाही.

पाचोळ्याकडे तर जरा थांबूनच पाहायला हवे. झाडू न पोहोचलेल्या एखाद्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसावे आणि पाल्याचे थर एकेक करून हाताने बाजूला करावेत. वरची पाने अखंड आणि कोरडी असतात. त्याखालची पाने ओलसर, काळपट, आणि त्यांतली बरीचशी केवळ शिरांची जाळी होऊन राहिलेली असतात. आणखी खाली पांढऱ्या दोऱ्यांसारखे बुरशीचे तंतू पानाला पान चिकटवून ठेवतात, आणि मातीचा तो ओळखीचा वास येतो. हा वास जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो, आणि मातीतले स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू ते तयार करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून असे दिसले की स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटरभर लांबीचे, उड्या मारणारे जीव या वासाकडे ओढले जातात, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू दुसरीकडे पोहोचवतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर ज्या गंधाने आपण सुखावतो, तो अशा रीतीने ओंजळभर मातीत चाललेल्या देवघेवीचा गंध आहे.

आपल्या भागात या थराला आणखी एक महत्त्व आहे. बेळगाव-खानापूरची जमीन बरीचशी जांभ्याची. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे राहिली. तिचा तांबडा रंग लोहाचाच. अशा जमिनीत झाडाला लागणारे अन्न खोलवर फारसे नसते, ते वरच्या काही बोटे जाडीच्या कुजलेल्या थरात साठवलेले असते. झाड पान गाळते ते फेकून देण्यासाठी नव्हे. बुरशी, वाळवी, गांडुळे आणि पैसाकिडे ते पान कुजवतात, मुळे तेच द्रव्य पुन्हा उचलतात, आणि त्यातून पुढच्या वर्षाची पालवी येते. रोज पाला झाडून नेणे म्हणजे दर महिन्याला त्या झाडाच्या खात्यातून पैसे काढत राहणे. पाल्याचा ढीग कोपऱ्यात पेटवला तर नुकसान आणखी वाढते, कारण त्यातला बहुतेक नायट्रोजन धुराबरोबर हवेत जातो आणि मागे राहिलेली राख पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते.

पाण्याचेही तसेच. एकदा मी घरून तांब्या नेला आणि पाणी आधी पाचोळ्यावर व नंतर चार पावलांवरच्या झाडलेल्या जागेवर ओतले. पाचोळ्यावरचे पाणी बघता बघता आत मुरले. झाडलेल्या जागेवर ते क्षणभर थबकले, तांबडे झाले आणि उताराने फरशीकडे धावले. उघड्या जमिनीवर थेंबाचा मार सरळ बसतो, मातीचे बारीक कण सुटतात, छिद्रे बुजतात आणि वर एक पापुद्रा धरतो. आषाढात आपल्या गटारांतून जे लाल पाणी वाहते, त्यात अशा कितीतरी स्वच्छ केलेल्या जागांची माती असते.

आता रात्रीकडे वळू. काजवा आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या काही दिवसांत. त्याआधीचा मोठा काळ तो ओलसर माती-पाचोळ्यात अळीच्या रूपात गोगलगायींसारखे मऊ जीव खाऊन काढतो. पाला गेला की पहिला घाव त्याच्यावर बसतो. दुसरा घाव दिव्यांचा. मे अखेरीस व जूनमध्ये नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेने शोधतात, आणि पांढऱ्या दिव्यांच्या झोतात ती खूण बुडून जाते. इतर कीटकांचे हाल वेगळे आहेत. रात्री आकाश हीच सर्वांत उजळ बाजू, म्हणून उडणारे अनेक कीटक उजेडाकडे पाठ ठेवून तोल सांभाळतात. दिवा लावला की ते दिव्याकडे पाठ वळवत राहतात आणि त्याच्याभोवती अडकतात, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. पतंग दिव्यावर भाळतो ही आपली जुनी कल्पना. प्रत्यक्षात त्याला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. वटवाघळांच्याही काही जाती उजेड टाळतात. याच जिल्ह्यात, भीमगड परिसरातल्या बारापेडेच्या गुहांतले रॉटनचे वटवाघूळ १९१३ मध्ये विज्ञानाला माहीत झाले, आणि जवळजवळ संपूर्ण विसावे शतक त्याचा तेवढाच ठिकाणा जगाला ठाऊक होता. अंधारावर जगणाऱ्यांचा एवढा मोठा ठेवा ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या शहरात निदान एक रान रात्री काळोखे असावे, असे मला फार वाटते.

वाळलेल्या झाडाचीही अशीच उपेक्षा होते. तांबट पक्षी वठलेल्या किंवा मऊ पडलेल्या फांदीत भोक कोरून घरटे करतो, सुतार पक्षीही बहुधा कुजट लाकूडच निवडतो, आणि त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा असे कोणी ना कोणी बिऱ्हाड मांडते. वाटेवर पडण्याचा धोका असलेली फांदी काढायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण वाटेपासून दूर उभा असलेला वठलेला बुंधा कोणाचे काय बिघडवतो?

या सगळ्यामागे भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये शहरातल्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती-छावणीतून हत्ती आणले गेले, तरीही तो हाती लागला नाही. त्यानंतर झाडी म्हणजे धोका हे समीकरण अनेकांच्या मनात पक्के बसले. मात्र बिबट्याला वस्तीकडे ओढते ते मुख्यतः खाद्य. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले भागात झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला, आणि मोकाट कुत्री वाढतात ती उघड्यावर टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर. सापाचेही तसेच; तो उंदरामागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. रानात पडलेली प्लास्टिकची पिशवी आणि रानात पडलेले जांभळीचे पान या दोन्हींना आपण एकाच केरसुणीने झाडतो, हीच मूळ गफलत आहे.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक विचार मांडला, की प्रत्येक पिढी सुरुवातीला जे पाहते तेच निसर्गाचे मूळ रूप समजते, आणि त्यामुळे झालेली झीज कोणालाच पूर्ण दिसत नाही. फरशीवर सायकल चालवणाऱ्या आजच्या मुलांना हेच रान वाटणार. आपल्याकडे या विस्मरणावर एक जुना तोडगा होता. सह्याद्रीत देवाच्या नावाने राखलेल्या रायांमध्ये वाळलेली काटकीसुद्धा घरी नेऊ नये असा दंडक असे, आणि दंडक पिढीजात असल्यामुळे रायाही पिढीजात राहिल्या.

शहरातल्या रानासाठी एवढे कडक काही नको. फरशीवरचा पाला झाडावा आणि तो जवळच्याच झाडाखाली पसरावा. दिवे पिवळसर व खाली वळवलेले असावेत आणि फिरणारे घरी गेल्यावर विझावेत. रानमोडी आणि घाणेरी बाहेरून आलेल्या, त्या खुशाल काढाव्यात, पण करवंदीची जाळी, तोरण, धायटी यांना हात लावू नये. एखादा कोपरा तर पूर्णपणे सोडून द्यावा.

आमच्या वाटेवर झाडलोट करणाऱ्या मावशी मूळच्या जांभोटीकडच्या. त्यांच्याशी मी हे बोललो तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “आमच्याकडं पाला कोण टाकून देतंय? तो शेतात जातोय.” गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एका आंब्याखालचा पाला न उचलता तसाच राहू दिला. पाऊस सुरू झाल्यावर तिथे गांडुळांनी वर आणलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसू लागल्या, आणि श्रावणात एका सकाळी सहा सातभाई त्या आंब्याखाली पाने उलथवत, एकमेकांवर ओरडत बसलेले होते.