मॅमोग्राफीतला दाब: बारा किलोचा आकडा पुरेसा का नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या तपासणी केंद्राबाहेर मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीसाठी बसलेल्या नणंद-भावजयांचे बोलणे कानावर पडले, तर ते साधारण असे असते: "लई चेपत्यात म्हणं, वैनी." "चेपल्याबिगार फोटू नीट येत न्हाई गं." दोघींचेही खरे आहे. चुकतो तो यातून काढला जाणारा तिसरा निष्कर्ष, की जितके जास्त चेपावे तितका फोटो चांगला येतो.

स्तनातील चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि गाठ यांच्यात क्ष-किरण अडवण्याच्या क्षमतेचा फरक अगदी थोडा असतो. तो दिसावा म्हणून साधारण 25 ते 35 किलोव्होल्टवर तयार केलेले, कमी ऊर्जेचे किरण वापरावे लागतात आणि असे किरण जाड भागातून सहजासहजी पार होत नाहीत. भाकरी थापताना मध्ये जाड राहिली, तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. जाडी एकसारखी नसलेल्या स्तनाच्या चित्राचे तसेच होते. दाबल्यामुळे जाडी कमी आणि सारखी होते, किरण इकडेतिकडे विखुरण्याचे प्रमाण घटते, एकमेकांवर आलेले थर पसरतात आणि किरणांची मात्राही कमी लागते. शिवाय स्तन हलत नाही. रेडिओलॉजिस्ट ज्या कॅल्शियमच्या कणांचा शोध घेतात, त्यांपैकी कित्येक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात आणि श्वासाच्या हालचालीनेसुद्धा ते पुसट होऊ शकतात.

आता प्रश्न उरतो तो किती दाबायचे याचा. स्तन वरून दाबणाऱ्या पारदर्शक पट्टीने लावलेले बल यंत्राच्या पडद्यावर न्यूटनमध्ये दिसते, म्हणून टेक्निशियनही तोच आकडा पाहतात. समजा तो 120 न्यूटन आहे, म्हणजे साधारण बारा किलो वजनाइतका. एका स्त्रीच्या स्तनाचा 150 चौरस सेंटिमीटर भाग पट्टीला टेकला असेल, तर तिच्यावर 8 किलोपास्कल दाब पडतो. दुसरीचा 60 चौरस सेंटिमीटरच भाग टेकला असेल, तर त्याच बारा किलोचा दाब 20 किलोपास्कल होतो. पडद्यावरचा आकडा एकच, पण दुसरीला अडीचपट सोसावे लागते. आणि ती कळवळली की "ही फारच नाजूक" असा शेरा मिळतो. दोष तिच्या सहनशक्तीचा नसून मापाचा आहे.

ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी म्हणूनच बलाऐवजी दाब, म्हणजे टेकलेल्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारे बल, प्रमाण मानावा असे सुचवले आणि त्यासाठी सुमारे 10 किलोपास्कल हे लक्ष्य धरले. पाऱ्याच्या मापात हे 75 मिलिमीटर होतात, म्हणजे बीपीच्या खालच्या आकड्याच्या जवळपास. पट्टी खाली येऊ लागते तेव्हा सुरुवातीला जाडी भराभर कमी होते. त्वचा ताणून घट्ट झाली की पुढे मिलिमीटर-दोन मिलिमीटरच मिळतात आणि वेदना मात्र वाढत जाते. त्या शेवटच्या टप्प्यात चित्राला लाभ नगण्य असतो.

जाडीचा आकडाही डोळे झाकून मानण्यासारखा नसतो. यंत्र तो पट्टीच्या स्थितीवरून काढते, पण लवचिक पट्टी भाराखाली वाकते किंवा तिरपी होते, त्यामुळे छातीकडची आणि स्तनाग्राकडची जाडी वेगळी पडते. किरण किती अडले हे जाडीवरही अवलंबून असते आणि आतल्या ऊतींवरही. जाडी चुकीची धरली, तर ग्रंथींचे प्रमाण म्हणजे स्तनाची घनता मोजण्यातही चूक शिरते. किरणांची मात्रा काढतानाही हीच जाडी लागते. म्हणून माहीत असलेल्या जाडीची ॲक्रिलिकची लादी ठेवून आकडा पडताळतात. बल तपासण्याची रीत तर घरगुती वाटावी अशी आहे: पट्टीखाली साधा वजनकाटा ठेवायचा, त्यावर टॉवेलची घडी, आणि पट्टी खाली आणून काट्यावरचे किलो पडद्यावरच्या आकड्याशी जुळतात का ते पाहायचे.

दाबाचे नियंत्रण स्त्रीच्याच हाती दिले तर? फ्रान्समधल्या सहा कर्करोग केंद्रांत हा प्रयोग झाला आणि 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टेक्निशियनने स्तन नीट मांडून थोडा दाब दिल्यावर पुढचा दाब स्त्रीने स्वतः वाढवायचा, अशी पद्धत होती. बायका हात आखडता घेतील ही भीती खोटी ठरली. जाडी टेक्निशियनने दाबल्याइतकी किंवा त्याहून थोडी कमीच झाली, आणि दुखणेही कमी जाणवले.

असे यंत्र नसले तरी पुष्कळ काही करता येते. घाबरलेली स्त्री खांदा वर उचलते, त्यासरशी छातीचा स्नायू ताठ होतो आणि स्तनाचा मागचा भाग चित्राबाहेर राहतो; खांदा सैल सोडवून घेण्यात गेलेले अर्धे मिनिट पुन्हा फोटो काढण्याची वेळ टाळते. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात तारीख घेतली, तर स्तन कमी हुळहुळे असतात. आणि गडहिंग्लज किंवा राधानगरीहून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या बाईने अंघोळीनंतर काखेत पावडर किंवा डिओडरंट लावले असेल, तर आत जाण्यापूर्वी ते ओल्या नॅपकिनने पुसून घ्यावे, कारण त्यातले कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखेच पांढरे उमटतात.