ऐतिहासिक कोशरचना

शब्दाचे अर्थ त्याच्या लिखित वापराच्या कालक्रमाने मांडणारी आणि प्रत्येक अर्थासाठी अवतरणाचा पुरावा देणारी कोशपद्धती. सामान्य कोश शब्दाचा प्रचलित अर्थ सांगून मोकळा होतो. ऐतिहासिक कोशाला तो अर्थ कधी रुजला, आधीचा कधी मावळला आणि मधल्या काळात दोन्ही शेजारी नांदत होते का, याची उत्तरे द्यावी लागतात.

या पद्धतीचे एक प्रचंड काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये चालू आहे. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये तेथे संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पाला आरंभ केला. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात किंवा श्लोकात आला ते अवतरण, ग्रंथातील स्थळ आणि टीकाकाराने काही सांगितले असेल तर तेही असते. एका शब्दाच्या साऱ्या चिठ्ठ्या काळानुसार लावून संपादक अर्थ कोठे वळतो ते शोधतो. हा निर्णय यांत्रिक नसतो. वळण कोठे मानावे यावर दोन जाणकारांचे सहज दुमत होऊ शकते.

‘असुर’ या शब्दाच्या बाबतीत हे वळण ठळक आहे. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही ‘असुर’ म्हटले आहे आणि तेथे त्याचा अर्थ सामर्थ्यशाली अधिपती असा होतो. ब्राह्मणग्रंथांपर्यंत, म्हणजे यज्ञविधींचे विवरण करणाऱ्या उत्तरकालीन वैदिक ग्रंथांपर्यंत, येताना असुर हे देवांचे प्रतिस्पर्धी ठरले. पुढे आरंभीचा ‘अ’ नकारार्थी समजला गेला आणि उरलेल्या भागातून ‘सुर’ म्हणजे देव हा नवाच शब्द तयार झाला. ‘असुर : राक्षस’ एवढीच नोंद खोटी नसली, तरी या साऱ्या प्रवासावर ती पडदा टाकते.

मराठीत आल्यावर संस्कृत शब्द आणखी दूर जातात. ‘संसार’ म्हणजे मुळात सरणे, फिरत राहणे. त्यावरून जन्ममरणाचा फेरा, मग ऐहिक जग, आणि मराठीत घरगृहस्थी. एवढ्यावरही तो थांबला नाही. तुळशीबागेत नव्या संसाराची खरेदी होते, आणि १९६१ च्या पानशेतच्या पुरात कित्येकांचा संसार वाहून गेला असे सांगताना वक्त्याच्या डोळ्यांपुढे भांडी, अंथरुणे, धान्याचे डबे असतात. तेथे शब्दाचा जुना अर्थ घेतला, तर पूरग्रस्तांना मोक्ष मिळाला असे म्हणावे लागेल.

या पद्धतीची खरी अडचण कालनिर्णयाची आहे. संस्कृत ग्रंथांचे काळ बहुधा अंदाजाने ठरतात, आणि एकाच ग्रंथात वेगवेगळ्या शतकांचे थर असतात. म्हणून शब्दाची साक्ष काढण्यापूर्वी पाठ निश्चित करावा लागतो. पुण्यातीलच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, १९६६ मध्ये पूर्ण झाली, यावरून त्या कामाचा आवाका कळतो.

मराठीपुरते पाहता, य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (७ विभाग, पुणे, १९३२–३८) अवतरणे दिली आहेत. मात्र अर्थांची काटेकोर कालक्रमी मांडणी हा त्याचा उद्देश नव्हता.

डेक्कन कॉलेजच्या कोशाचे प्रकाशन अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये सुरू झाले आणि अनेक खंड निघूनही तो ‘अ’ याच अक्षरात आहे. याची थट्टा होते, पण कारण व्याकरणाचे आहे. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग ‘अ’ने सुरू होतात, आणि ‘अ’ किंवा ‘अन्’ लावून जवळजवळ कोणत्याही नामाचा किंवा विशेषणाचा नकार करता येतो. त्यामुळे दूरच्या अक्षरांतले शब्दही नकाराचे रूप घेऊन याच अक्षराच्या दारात उभे राहतात. नुसता ‘संसार’ मात्र ‘स’च्या कप्प्यात आहे.