रोज किती किलोमीटर, आणि रात्री गाडी कुठे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरात दोन जणांना एकाच वेळी छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यावीशी वाटली. माझी मावसबहीण पुण्यात कात्रजजवळ फ्लॅटमध्ये राहते आणि चाकणला नोकरीला जाते, जाऊन-येऊन रोजचे सुमारे ८० किलोमीटर. आणि मिरजेचे काका, निवृत्त. बंगला स्वतःचा, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर, पोर्चमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट आधीच बसवलेला. काकांची गाडी भाजी मंडई, बँक आणि देऊळ करते. दिवसाला १० किलोमीटर झाले तरी खूप.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: काकांनी घ्यावी, बहिणीने घेऊ नये. काकांकडे वीज फुकटची आणि गाडी जवळच फिरायची, तर बहिणीचं अंतर लांबचं, त्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. मी कागद घेऊन बसलो, तेव्हा उत्तर बरोबर उलटं आलं. ते का आलं हे समजायचं तर आधी बॅटरीत असतं काय आणि किती, ते पाहायला हवं.

टाटा टियागोच्या इलेक्ट्रिक मॉडेलला दोन बॅटऱ्या मिळतात, १९.२ आणि २४ किलोवॅट-तासांच्या. किलोवॅट-तास म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. मोठी बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात २४ युनिट मावतात. आता पेट्रोलकडे बघा. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ९ युनिटइतकी ऊर्जा निघते. म्हणजे गाडीच्या तळाशी बसवलेल्या त्या जडशीळ, लाखोंच्या बॅटरीत मिळून ऊर्जा किती? पावणेतीन लिटर पेट्रोलइतकी. पाण्याच्या तीन बाटल्यांत मावेल एवढी!

मला हा आकडा फार आवडतो, कारण दोन्ही गाड्यांचा स्वभाव त्यातून कळतो. पावणेतीन लिटर पेट्रोलवर छोटी गाडी शहरात ४०-४५ किलोमीटर जाईल. तेवढ्याच ऊर्जेवर इलेक्ट्रिक गाडी २०० किलोमीटर जाते. पेट्रोल इंजिनात ज्वलनाची बहुतेक उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून हवेत जाते. शहराच्या गर्दीत चाकापर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोचतो. मोटरमध्ये काही जळत नाही. चुंबकीय क्षेत्र रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, फिरवतं आणि दिलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग फिरण्याच्या कामी येतो. शिवाय नाशिक फाट्याला सिग्नलवर उभं राहिलं की मोटर खरोखर थांबते, इंजिन मात्र घुरघुरत पेट्रोल पीत राहतं. पाय उचलला की तीच मोटर जनित्र होते आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा बॅटरीत परत टाकते. पेट्रोल गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते. म्हणून पेट्रोल गाडीला हायवेवर चांगलं अ‍ॅव्हरेज मिळतं आणि इलेक्ट्रिक गाडीला गर्दीत. कात्रज ते चाकण रस्त्याने ज्यांनी सकाळी नऊला प्रवास केलाय, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता पैसे. पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास धरलं आणि गर्दीतलं अ‍ॅव्हरेज १५, तर किलोमीटरला ७ रुपये. छोटी इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला ०.१२ युनिट घेते. चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर ०.१३ धरू. इथे बरेच जण एक चूक करतात. घरच्या बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर काढतात आणि त्या दराने गाडीचा खर्च मांडतात. पण महावितरणचे घरगुती दर स्लॅबने चढतात. घराचे १५० युनिट आधीच वापरले असतील, तर गाडीचे युनिट त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. ३०० युनिटच्या आत वहन आकार धरून युनिटला साधारण ११-१२ रुपये, वर गेलात की १४ च्या पुढे. बहिणीचे महिन्याला २२ दिवस म्हणजे १७६० किलोमीटर, गाडीचेच २३० युनिट. म्हणून मी तिच्यासाठी मुद्दाम महागडा, १५ रुपयांचा दर धरला. तरी किलोमीटरला २ रुपयेच येतात. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात, तिथेही तीनच्या आत.

किलोमीटरला ५ रुपये वाचले. बहीण वर्षाला २१,००० किलोमीटर चालवणार, म्हणजे एक लाखाच्या वर. काका ३,६०० किलोमीटर. त्यांच्या सोलरची वीज अगदी फुकट धरली तरी २५ हजार.

आणि गाडी महाग किती? २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत हा फरक कमी वाटायचा. त्या महिन्याच्या २२ तारखेला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्केच आहे, त्यामुळे तिला खाली यायला जागा नव्हती. पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दरी रुंदावली. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांच्या आत ११ टक्के मोटार वाहन कर पडतो, इलेक्ट्रिकला तो माफ आहे, म्हणून ऑन-रोड किमतीत दरी थोडी बुजते. मी फरक ३ लाख धरला. इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो, त्यामुळे खरी तुलना ऑटोमॅटिक पेट्रोलशी करायला हवी आणि तशी केली की फरक आणखी कमी होतो. पण राहू दे, ३ लाखच.

बहिणीचे ते तीन वर्षांच्या आत वसूल होतात. काकांना बारा वर्षं लागतात. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे.

‘थोडं फिरायचं असेल तर इलेक्ट्रिक बरी’ हे वाक्य इतक्या लोकांच्या तोंडी आहे की ते खरंच वाटतं. ते अर्धंच खरं आहे. बॅटरीला थोडं फिरणं सोयीचं, खिशाला नाही. या गाडीत पुढच्या अनेक वर्षांच्या इंधनाचे पैसे आपण पहिल्याच दिवशी भरतो. जो फिरणारच नाही, त्याने ते कशासाठी भरायचे? २०१० च्या सुमाराला बॅटरीच्या एका युनिट क्षमतेला जगभरात हजार डॉलरच्या वर पडत. २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आलं. इतकं उतरूनही २४ युनिटच्या बॅटरीचे सव्वादोन लाखांच्या वर होतात. गाडीची छोटी आवृत्ती स्वस्त का होत नाही, याचंही उत्तर इथेच आहे: पत्रा कमी केला तरी बॅटरी फारशी कमी होत नाही.

एमजी कंपनीने याच्यावर एक वाट काढली. तिची कॉमेट, तीन मीटरहून किंचित कमी लांबीची, १७.३ युनिटची गाडी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बॅटरीशिवाय ४.९९ लाखांना मिळू लागली. बॅटरीचं भाडं तेव्हा किलोमीटरला अडीच रुपये होतं, वीज वेगळी. काकांना हे पटकन आवडलं. पण अशा करारात दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, ती ओळ आधी शोधायची असते. कमी फिरणाऱ्याचं गणित तिथेच बिघडतं.

बहिणीला धाकधूक वेगळीच होती: अर्ध्या रस्त्यात बंद पडली तर? तिच्या ८० किलोमीटरांना लागतात साडेनऊ-दहा युनिट. लहान बॅटरी घेतली तरी ती निम्मी वापरली जाते. दहा वर्षांत बॅटरीची क्षमता २० टक्क्यांनी घटली असं समजा, तरी १५ युनिट उरतात आणि तिचं काम होतं. रोजचे दहा युनिट साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर साडेतीन-चार तासांत भरतात. ती झोपेत असताना.

जाहिरातीतल्या रेंजवर मात्र जाऊ नका. टियागोच्या मोठ्या बॅटरीला ३१५ किलोमीटर लिहिलं होतं. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या सौम्य वेगाने, एसी न लावता होते. रस्त्यावर तिचे दोन तृतीयांश धरावेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ६० ऐवजी १०० ने गेलात तर तो पावणेतीन पट होतो. एक्स्प्रेसवेवर रेंज डोळ्यांसमोर उतरते ती यामुळे.

घाटाचा हिशोब मला विशेष आवडतो, कारण तो शाळेतल्या एका सूत्रात बसतो. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. माणसांसकट साडेतेराशे किलोची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते. म्हणजे २ युनिट, मोटरमधली घट धरून सव्वादोन. एवढ्यात ती सपाटीवर २० किलोमीटर गेली असती. बोरघाटाची किंमत एवढीच, वीस किलोमीटर. उतरताना यातला बराच भाग परत बॅटरीत येतो. पनवेलला आत्याकडे जाताना बहिणीला चिंता नाही. परत येताना मात्र तिथे तासभर फास्ट चार्जरवर लावावी लागेल. आत्या जेवल्याशिवाय सोडत नाही, त्यामुळे वेळ जातोच.

वर्षातून दोनदा कोकणात जायचं म्हणून मोठी बॅटरी घ्यायला मी तिला परावृत्त केलं. ते दोन दिवस भाड्याची गाडी करावी. उरलेले ३६३ दिवस न वापरलेलं वजन ओढत हिंडण्यात काय अर्थ आहे?

बॅटरीच्या आत काय आहे, तेही थोडं. टियागोत लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात. हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी आहे हे टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाधी या भारतीय संशोधकाचं आहे. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातला ऑक्सिजन फॉस्फरसने इतका घट्ट धरलेला असतो की बॅटरी तापली तरी तो सहजी सुटत नाही. आग लागण्याचा धोका म्हणून कमी. त्याची एक खोड आहे, ती गॅस सिलिंडरसारखी. सिलिंडर निम्मा असो की पाव, ज्योत सारखीच. संपायला आला की एकदम कळतं. या बॅटरीचा दाबही, म्हणजे व्होल्टेज, जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो. त्यामुळे आत किती उरलंय याचा अंदाज गाडीच्या संगणकाला हळूहळू चुकू लागतो. अधूनमधून १०० टक्के भरली की त्याला नवा मापदंड मिळतो. ८० टक्क्यांवरच थांबवायचं, हा मोबाइलच्या बॅटरीवरून आलेला नियम इथे जसाच्या तसा लावू नये. जपायचं असेल तर उन्हापासून जपा. सोलापूर-नागपूरच्या मे महिन्यात गाडी सावलीत उभी करणं हे बॅटरीचं आयुष्य वाढवणंच आहे.

धूर निघत नाही म्हणून प्रदूषण नाही, हेही मला खरं वाटत नाही. आपली बरीच वीज कोळशाची आहे. देशात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे या गाडीचे किलोमीटरला ९० ग्रॅम, पेट्रोलचे १५० च्या वर. फरक आहे. पण बॅटरी बनवतानाचं प्रदूषण फेडायला गाडी पळायलाच हवी. इथेही कमी फिरणारा मागे पडतो.

राहिला बहिणीचा प्लग. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीन महिने टोलवलं. आधी आग लागेल म्हणाले, मग इतरांचा आक्षेप आहे, मग सर्वसाधारण सभेत बघू. मला याचा खरोखर संताप आला. तिच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या खर्चाने लावायचा एक पॉइंट होता. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळं वीज कनेक्शन मागता येतं. त्या नियमाची प्रत जोडून तिने अर्ज केला. वेगळा मीटर म्हणजे स्लॅबचा प्रश्नही मिटला. आग लागू नये म्हणून जे करायचं ते म्हणजे जाड वायर, नीट अर्थिंग आणि स्वतंत्र ब्रेकर. एक्स्टेंशन बोर्ड लावून खिडकीतून वायर सोडणं हे धोक्याचं, आणि परवानगी अडवली की लोक नेमकं तेच करतात.

गाडी ठरवण्याआधी शोरूमची पाच किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह तिने नाकारली. एसी लावून, ऑफिसच्या वेळेला, कात्रज ते चाकण आणि परत अशी गाडी मागितली. निघताना आणि पोचल्यावर पडद्यावरचे टक्के वहीत लिहिले.

काकांची पेट्रोल गाडी २०१३ ची आहे. २०२८ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, तोवर तीच चालवायची असं त्यांनी ठरवलं आहे. पोर्चमधला पॉइंट वाया जात नाही. बहीण मिरजेला येते तेव्हा गाडी तिथेच लावते, आणि काका सकाळी चहा घेऊन किती टक्के झाली ते बघायला बाहेर जातात.