दंडातलं इंजेक्शन आणि जखमेतलं इंजेक्शन

कुत्रं चावलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, "इंजेक्शन घेतलं ना?" हो म्हटलं की विषय संपला. पण रक्त आलं असेल तर इंजेक्शनं दोन जातींची लागतात, आणि एक घेतलं म्हणून दुसरं टळत नाही.

भाच्याच्या पोटरीचा कुत्र्यानं लचका घेतला. आम्ही पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं जखम धुतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दंडात एक सुई दिली. मग दुसरी बाटली काढून थेट जखमेत, कडेकडेनं टोचायला लागले. पोरगं किंचाळलं. ताई भडकली, "अहो, आत्ताच दिलंत ना दंडात?"

दंडातली ती लस. तिच्यात रेबीजचा मारलेला विषाणू असतो. तो ओळखून शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं. दुधाला विरजण लावण्यातला प्रकार. दही घरचं, पण लागायला वेळ हवा, इथे साधारण 7 ते 14 दिवस. म्हणून तर पहिल्या डोसाचा दिवस 0 धरून 0, 3, 7, 14, 28 या दिवशी डोस. (त्वचेत देतात तेव्हा चौदाव्या दिवसाचा नसतो. आणि पोटातली ती चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, मुलांना उगाच घाबरवू नका.)

तोवर विषाणू थांबतो थोडाच? तो जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, बोलताना 'सीरम'. ही तयार प्रतिपिंडं. लस टोचलेल्या माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली. शेजारणीकडून आणलेली दह्याची वाटीच म्हणा. लगेच कामाला येते, पण काही आठवड्यांत संपते आणि शरीर त्यातून काही शिकत नाही. मात्रा वजनावर: किलोमागे माणसाचं 20 युनिट, घोड्याचं 40. लसीच्या पहिल्या डोसाला 7 दिवस उलटले असतील तर सीरम देत नाहीत, कारण घरचं दही लागायला लागलेलं असतं. आधी लसीचा पूर्ण कोर्स झालेल्यालाही ते लागत नाही. त्याचं 0 आणि 3 या दोन डोसांवर भागतं.

तिसऱ्या दिवशी ताईनं दारातूनच विचारलं, "आज जखमेतलं नाही ना?"

नव्हतं. सीरम एकदाच.